दुसरा नकाशा

आमच्या तार्किरी गावात डोंगरावरच्या वस्त्यांना रस्ते आहेत, पण रस्त्यांना नावं नाहीत आणि घरांना नंबर नाहीत. त्यामुळे कोर्टात अर्ज द्यायचा तर सोबत नकाशा जोडावा लागतो. हाताने, पेनने काढलेला, एका पानात मावणारा. अर्जदार कुठे राहतो, ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो कुठे राहतो, वाटेत काय काय लागतं. तो नकाशा बघून 'चालेल' किंवा 'नाही चालणार' म्हणायचं काम गेली सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे. मी लेओकादिया, कौटुंबिक कोर्टाच्या खिडकीतली कारकून. सगळं गाव मला लेओमावशी म्हणतं. पाठीमागे काय म्हणतं तेही मला ठाऊक आहे, पण ते इथे नको.

नकाशाच्या बाबतीत मी कडक आहे. लोक काय वाट्टेल ते काढून आणतात. एका गड्याने नुसतं चर्च काढलं आणि खाली लिहिलं, 'इथून विचारत या.' एका बाईने सासूचं घर एवढं मोठं काढलं की तिचं स्वतःचं पानात मावलंच नाही. असले नकाशे मी परत करते. आमचा बेलीफ पोलिकार्पो साठीला आलाय, गुडघे दुखतात त्याचे. नोटीस घेऊन त्याने भर उन्हात डोंगरभर वणवण करायची का?

तसं म्हटलं तर पूर्वी बेलीफही जात नसे. नवऱ्याला द्यायची नोटीस आम्ही बायकोच्याच हातात ठेवत असू. मार खाऊन आलेली बाई त्याच नवऱ्यासमोर उभी राहून म्हणणार, घ्या, तुम्हाला कोर्टाने बोलावलंय, इथे सही करा. कित्येकींनी नेल्या त्या नोटिसा. सह्या आणणाऱ्या बायासुद्धा मी पाहिल्यात. एकीच्या कागदावर सहीशेजारी तपकिरी डाग होता. मी तो कॉफीचा समजले आणि कागद घाण केला म्हणून तिलाच बोलले. आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

मग सुधारणा आल्या. तीन वर्षांपूर्वी बेआत्रिस उरिओस्ते आमच्या न्यायाधीश झाल्या. आमच्याकडे न्यायाधीशालाही डॉक्टर म्हणायचं आणि वकिलालाही. रोगी तेवढे आम्ही. तर या डॉक्टरबाई मनाने चांगल्या. त्यांनी बायकांच्या हाती नोटीस द्यायचं बंद केलं. भिंतींना फिकट जांभळा रंग दिला, बाकांवर उशा आणल्या, 'इथे तुमचं ऐकलं जातं' अशी पाटी लावली. पाटी नेमकी माझ्या डोक्यावर लावल्यामुळे लोक मलाच ऐकवू लागले. दर दोन महिन्यांनी प्रशिक्षण आणि प्रशिक्षणात साल्तेन्या, म्हणजे रस्सा भरलेल्या करंज्या. तेवढ्यापुरती मीही सुधारणांच्या बाजूची.

नियमही दोन नवे आले. पहिला असा, की अर्जदार बाईच्या राहत्या घराचा बिनचूक नकाशा हवा आणि त्याची एक प्रत पोलीस चौकीत हवी, म्हणजे तिने हाक मारली की दहा मिनिटांत गस्त पोचेल. दुसरा असा, की ज्याच्यावर आरोप आहे त्याला फाइलची संपूर्ण प्रत द्यायची, एकही पान न वगळता, म्हणजे मला अंधारात ठेवलं असं कुणी म्हणायला नको. दोन्ही नियम चांगलेच. राजधानीतल्या दोन वेगळ्या इमारतींत बसणाऱ्या दोन वेगळ्या समित्यांनी ते केले होते. ते एकमेकांना भेटत होते फक्त एका जागी, माझ्या टेबलावर. आणि मी, सव्वीस वर्षांची अनुभवी, झेरॉक्स तिरकी तर आली नाही ना हे बघत होते.

एदेल्मिरा आली तेव्हा कार्निव्हलला सहा आठवडे राहिले होते. नाचणाऱ्यांच्या झुलींवर आणि पोशाखांवर भरतकाम करणारी बाई ती; आमच्या मोहल्ल्याच्या चमूचे सोनेरी साप तिनेच भरलेले. डाव्या हाताची दोन बोटं प्लास्टरमध्ये होती. सरकारी दवाखान्याच्या दाखल्यावर लिहिलं होतं, 'बारा दिवस विश्रांती.' बोटं कशी मोडली ते अर्जात तिने एका ओळीत लिहिलं होतं: कपाटाचा दरवाजा त्याने लावला, माझा हात आत होता.

नवरा तिचा रुफिनो, गॅसच्या गाडीवरचा. गावात त्याला कोण ओळखत नाही? म्हाताऱ्यांचं सिलिंडर तो स्वतः उचलून दुसऱ्या मजल्यावर नेतो, वरून आंघोळीचा गिझरही पेटवून देतो. माझ्या घरी पण तोच यायचा. अर्ज वाचताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता गॅस कुणाकडून घ्यायचा. खोटं कशाला बोलू?

"नकाशा?" मी विचारलं.

तिने कागद पुढे सरकवला. नवऱ्याचं घर नीट काढलेलं होतं. स्वतःच्या नव्या घराच्या जागी एक उंचवटा, वर क्रूस आणि एक टिंब.

"हे काय?"

"आल्तो मोलिनो."

"आल्तो मोलिनोत चारशे घरं आहेत, बाई. त्यातलं तुझं कुठलं?"

"आहे तिथेच कुठेतरी." तिने खिडकीच्या काचेवर बोट ठेवलं आणि काढलं. "मावशी, माझं घर कशाला पाहिजे? मी भांडायला कुठे आलेय? त्याने माझ्याकडे येऊ नये एवढंच पाहिजे."

"त्याचं घर नोटिशीसाठी. तुझं पोलिसांसाठी. हाक मारलीस तर यायला नकोत का?"

"मी नाही मारणार हाक."

"आज म्हणतेस. वेळ आली की सगळ्या मारतात, आणि मग पोलीस चारशे दारं ठोठावत बसतात."

ती हळूच म्हणाली, "हा कागद कुणाकुणाला दिसतो?"

"कोर्टाचा कागद आहे," मी म्हटलं. "कोर्टाला दिसतो."

हे मी केवढ्या तोऱ्यात म्हटलं म्हणून सांगू. वर माझ्याच डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"पण मावशी..."

"हे बघ, नीट नकाशा नसेल तर मला अर्ज घेता येत नाही. रांग बघ मागे किती आहे. तिकडे बाकावर बस, दुसरा काढून आण."

ती बसली. प्लास्टरच्या हाताने कागद दाबून धरून उजव्या हाताने काढू लागली. अर्ध्या तासाने तिने जे आणलं ते बघून मी चष्मा पुसला. असा नकाशा सव्वीस वर्षांत माझ्या खिडकीवर आला नव्हता. मिनीबसचा शेवटचा थांबा, तिथून वर जाणाऱ्या पायऱ्या, एका कडेला तुटलेल्या. पाण्याची टाकी. टाकीनंतर डावीकडे निळं फाटक, वर काटेरी तार. अंगण, अंजिराचं झाड, खिडकी. भरतकाम करणारीचा हात तो, एक रेघ इकडची तिकडे नाही.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मला चांगल्या कामाचं व्यसन आहे.

"मागून दार आहे का?"

"आहे."

"मग दाखव की. पोलिसांना मागून यावं लागलं तर? घरात आणखी कोण असतं?"

"घरमालकीण असते. म्हातारी आहे. ऐकू येत नाही तिला."

"तेही लिही. पोलिसांना माहीत असलेलं बरं."

तिने मागचं दार काढलं. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'घरमालकीण बहिरी.' मी शिक्का मारला, 'चालेल' म्हणून सही केली, आणि नकाशा डॉक्टरबाईंना दाखवायला आत घेऊन गेले. त्या खूश झाल्या. "सुरेख. पुढच्या प्रशिक्षणात नमुना म्हणून दाखवू," म्हणाल्या. मला दिवसभर बरं वाटत होतं.

बुधवारी आदेश निघाला. रुफिनोने अर्जदाराच्या राहत्या घरापासून दोनशे मीटरच्या आत फिरकू नये. मी तीन प्रती काढल्या: एक फाइलला, एक चौकीला, एक रुफिनोला. एकोणीस पानं होती. एकही तिरकं आलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी पोलिकार्पो नोटीस देऊन परस्पर गावाकडे गेला, त्यांच्या संताचा उत्सव होता म्हणून. तो उगवला थेट सोमवारी, डोळे लाल, पण पोचपावती जपून आणलेली. मी त्याच्यापुढे आपीचा पेला ठेवला. गरम जांभळा मका पोटात गेल्याशिवाय उत्सवानंतर त्याचं तोंड उघडत नाही.

"काय माणूस आहे तो रुफिनो," पोलिकार्पो म्हणाला. "लोक नोटीस बघून दार लावतात माझ्या तोंडावर. याने आत बोलावलं, खुर्ची दिली. तुझ्या पायांना त्रास होतो ना, म्हणाला. आणि पान न् पान वाचलं हो त्याने."

"शिव्या नाही दिल्या?"

"छे. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. शेवटच्या पानावर तर किती वेळ थांबला. नकाशा आहे ना तो. म्हणाला, एदेल्मिराच्या हातचं आहे हे, लगेच ओळखू येतं. मग विचारलं त्याने, हे निळं फाटक टाकीच्या अलीकडे की पलीकडे?"

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. "तू काय म्हणालास?"

"पलीकडे म्हणालो. नकाशात दिसतंच की. आपण मुद्दाम नीट काढून घेतो ना?" त्याने माझ्याकडे बघितलं. "काय झालं, लेओ?"

आधी मी डॉक्टरबाईंकडे गेले. अशी चूक झालीये, म्हटलं. त्यांनी फाइल उघडली, पानं चाळली, आणि मला समजावू लागल्या.

"चूक कुठे आहे, लेओकादिया? संपूर्ण प्रत द्यायची असा नियम आहे. एक पान काढून घेतलं असतं तर त्याच्या वकिलाने सगळी कारवाईच रद्द करून घेतली असती."

"पण तिच्या घराचा नकाशा त्याच्या हातात आहे, डॉक्टरबाई."

"आदेशात काय म्हटलंय? दोनशे मीटर. आता दोनशे मीटर कुठून मोजायचे हे त्याला कळायला नको का? घर कुठे आहे हेच माहीत नसेल तर तो आदेश पाळणार कसा?"

सगळ्यात वाईट हे, की त्या अजिबात चेष्टा करत नव्हत्या. क्षणभर मलाही ते पटलं होतं.

चौकीला फोन केला. हवालदार म्हणाला, नकाशा अगदी समोर भिंतीवर लावलाय मावशी, झकास आहे, पण गस्तीची मोटरसायकल मेयरसाहेबांच्या मिरवणुकीला गेलीये. संध्याकाळी आली की बघतो. मी शाल घेतली, फाइलमधला नकाशा काढला आणि मिनीबस पकडली.

सव्वीस वर्षं मी लोकांचे नकाशे तपासले, पण एखाद्या नकाशाच्या मागे कधी चालत गेले नव्हते. शेवटचा थांबा. पायऱ्या, कडेला तुटलेल्या. टाकी. धापा टाकत होते, पण वाटेत एकदाही कुणाला विचारावं लागलं नाही. निळं फाटक दिसलं. मला वाट इतकी सहज सापडली होती, मग त्याला का नाही सापडणार?

पुढून हाक मारली तर कुणी ओ दिली नाही. म्हातारी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती, तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग मी मागे गेले. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

एदेल्मिरा आत शिलाई मशीनवर बसली होती. मांडीवर हिरवी झूल, तिच्यावर अर्धा भरलेला साप. मला बघून ती उठली नाही.

"तो नकाशा त्याला गेला," मी दारातूनच म्हटलं. सावरून सांगायला श्वासच उरला नव्हता. "आम्हीच पाठवला. गुरुवारी."

तिने सुई कापडात खोचून ठेवली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली.

"वाटलं होतं? मग काढलास कशाला?"

"तुम्ही म्हणालात, नाहीतर अर्ज घेणार नाही."

ती हे रागाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ती ते नुसतंच म्हणाली, आज सोमवार आहे म्हणावं तसं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. मग म्हटलं, "चल, सामान बांध. माझ्याकडे चल."

"तुमचं घर त्याला माहीत आहे. गॅस देतो तो तुमच्याकडे."

"बहिणीचं घर रिकामं आहे. ती परदेशी आहे मुलीकडे. तिथे गॅसच नाही, चूल आहे."

मशीन आम्ही दोघींनी उचलून खाली आणलं. वाटेत तीनदा टेकलो. टाकीपाशी बसलो तेव्हा तिने एकदाच मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "अंजिरं पिकायला आली होती." आणखी काही नाही. मिनीबसवाल्याने मशीनचं वेगळं तिकीट मागितलं. त्याच्यावर मी माझा सगळा राग काढला. त्या बिचाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता.

पुढचे दोन आठवडे मी रोज लपतछपत, बाजारातून वळसे घेत बहिणीच्या घरी जात होते, चोरटं प्रेम असल्यासारखी. निळ्या फाटकाच्या म्हातारीकडेही एकदा जाऊन आले. तिने ओरडून मला सांगितलं की एक भला माणूस तीनदा येऊन गेला, दरवेळी एदेल्मिराची चौकशी केली, आणि शेवटी येताना तिच्यासाठी भरलेलं सिलिंडर घेऊन आला, पैसेही नाही घेतले. "असला नवरा सोडून कोण जातं?" म्हातारी ओरडली. खालच्या गल्लीपर्यंत ऐकू गेलं असेल.

मग सुनावणीचा दिवस आला. खोलीत आम्ही पाचच जण: डॉक्टरबाई, टेबलाच्या एका बाजूला एदेल्मिरा, दुसऱ्या बाजूला रुफिनो, दाराशी हवालदार, आणि जबाब टंकायला मी. रुफिनो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. एकोणीस पानं त्याने पारदर्शक फाइलमध्ये लावली होती. वकील आणला नव्हता. खरं बोलायला वकील कशाला, म्हणाला.

डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं, आदेशाबद्दल काही म्हणायचंय का.

"आदेशाबद्दल माझी तक्रार नाही, डॉक्टरबाई. कोर्टाने जे केलं ते चांगल्यासाठीच केलं असेल. माझी तक्रार वेगळी आहे." त्याने शेवटचं पान काढून टेबलावर ठेवलं, तिच्याकडे नाही, डॉक्टरबाईंकडे तोंड करून. "एदेल्मिराने कोर्टाला हा पत्ता दिलाय. शिक्का आहे, सही आहे. मी तिथे तीनदा गेलो. तीनदा ती तिथे नव्हती. तिने कोर्टाची फसवणूक केलीये."

मी टंकत होते. 'मी तिथे तीनदा गेलो' टंकून झाल्यावर माझी बोटं थांबली. आता डॉक्टरबाई बोलतील म्हणून मी वर पाहिलं.

त्या बोलल्या, पण एदेल्मिराशी. "तुम्ही दिलेल्या पत्त्यावर तुम्ही राहत नाही?"

एदेल्मिराने माझ्याकडे पाहिलं नाही. ही तिची मेहेरबानी. "नाही, डॉक्टरबाई. आता नाही."

"पत्ता बदलला की अठ्ठेचाळीस तासांत कळवावं लागतं, हे सांगितलं होतं तुम्हाला? अहो, आम्ही एवढी व्यवस्था करतो, पोलीस तयार ठेवतो, आणि तुम्हीच पत्त्यावर नसाल तर अर्ज निकाली काढावा लागेल. नवा पत्ता आत्ता सांगा. नकाशा नंतर दिलात तरी चालेल."

रुफिनोने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि नोटिशीच्या पाकिटाची मागची बाजू वर करून ठेवली. लिहून घ्यायला तयार.

"डॉक्टरबाई," मी म्हटलं, "तो म्हणतोय की तो तिथे गेला."

"लेओकादिया, तुम्ही टंका."

"टंकलंय. 'मी तिथे तीनदा गेलो.' दोनशे मीटरच्या आत."

"तसं ते ओघात बोलले. मुद्दा पत्त्याचा आहे. ते वाक्य नाही घेतलं तरी चालेल."

"नाही चालणार," मी म्हटलं. सव्वीस वर्षं हे दोन शब्द मी कागदांना म्हणत आले होते, न्यायाधीशाला पहिल्यांदाच म्हटले. "जबाब शब्दशः घ्यायचा, असं तुमच्याच प्रशिक्षणात सांगितलंय. मार्चमधल्या. आणि आणखी एक लिहिते, तुमची हरकत असेल तर तीही लिहिते. हा नकाशा या बाईने स्वखुशीने दिला नाही. तिने आधी दुसरा दिला होता, मी तो परत केला. मागचं दार मी काढायला लावलं. घरमालकीण बहिरी आहे हेही मीच लिहायला लावलं. आणि याची प्रत त्याला आम्ही पोचवली. माझं नाव, हुद्दा, सगळं घालते."

डॉक्टरबाईंनी टेबलावरचं पान स्वतःकडे ओढलं. प्रशिक्षणात नमुना म्हणून दाखवू म्हणाल्या होत्या तोच नकाशा. बघता बघता त्यांचा चेहरा उतरत गेला. त्या वाईट बाई नाहीत, हे मी आधीच सांगितलंय. त्यांनी तो नकाशा पूर्वी दोनदा पाहिला होता, पण पोलिसांच्या नजरेने. आता तो रुफिनोच्या फाइलमधून आला होता.

"सगळं लिहा," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं, छापलं आणि वाचून सही करायला कागद रुफिनोपुढे ठेवले. तो घाईत सही करणारा माणूस नव्हे. त्याने पान न् पान वाचलं. आपलं म्हणणं कोर्टाने शब्दशः उतरवून घेतलं म्हणून त्याला समाधान वाटत होतं, ते दिसत होतं. दुसऱ्या पानावर तो थांबला.

"एक दुरुस्ती आहे, मावशी. इथे तीनदा लिहिलंय."

"तूच तीनदा म्हणालास."

"ती नव्हती तेव्हाचं म्हणालो. ते तीनदाच. पण खरं म्हणजे मी चारदा गेलो. नोटीस आली त्या गुरुवारी संध्याकाळी पहिल्यांदा गेलो, तेव्हा होती ती." त्याने पहिल्यांदाच एदेल्मिराकडे पाहिलं, अगदी मायेने. "हिरवं काहीतरी शिवत होती. मागचं दार उघडं होतं. मी हाक नाही मारली. दिवा मालवेपर्यंत तिथेच उभा होतो अंजिराखाली."

एदेल्मिराने प्लास्टरचा हात मांडीवरून उचलून पोटाशी धरला.

मी सोमवारी धापा टाकत पोचले होते आणि त्या दिवसापासून मनात कुठेतरी म्हणत होते, की चला, वेळेवर पोचले. वेळेवर कुठली? चार दिवस तिचं दार लोटलेलंच होतं, आणि तो आत शिरला नाही तो केवळ त्याच्या मनात आलं नाही म्हणून.

"चार करा," रुफिनो म्हणाला. "खोटं नको राहायला कागदावर."

मी तीनाचं चार केलं, गुरुवारचं सगळं घातलं आणि पान पुन्हा छापलं. डॉक्टरबाईंनी ते उभ्यानेच वाचलं आणि हवालदाराला म्हणाल्या, "यांना बाहेर जाऊ देऊ नका. सरकारी वकिलांना बोलवा." हवालदार दाराला पाठ लावून उभा राहिला. रुफिनोला त्याचा अर्थ लागला नाही. त्याने प्रत्येक पानावर खाली सही केली, शेवटच्या पानावर तारीख घातली, आणि नियमाप्रमाणे मिळते ती स्वतःची प्रत मागितली.

मी दिली. तो पहिलं पान वाचू लागला आणि वरच्या चौकटीवर बोट ठेवून त्याने ते माझ्याकडे वळवलं.

"इथे अर्जदाराचा नवा पत्ता लिहायचा राहिलाय, मावशी."

"राहिला नाही," मी म्हटलं. "मी लिहिला नाही."